कोऱ्हाळ्यातला 'ऱ्ह' आणि इंटरनेटचा मालक

बारामती तालुक्यात, नीरा-बारामती रस्त्यावर कोऱ्हाळे बुद्रुक नावाचं गाव आहे. एका बाजूला सोमेश्वर, दुसऱ्या बाजूला माळेगाव, दोन सहकारी साखर कारखान्यांचा हा पट्टा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, ऊस, ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या. माझं आजोळ या पट्ट्यातलं, म्हणून गावाचं नाव लहानपणापासून कानावर आहे. पण आजचा विषय ऊस नाही. आजचा विषय आहे या नावातलं दुसरं अक्षर.

'कोऱ्हाळे' हे नाव एकदा नीट बघा. 'को' नंतर जी आडवी वळलेली छोटीशी रेघ आहे ना, तो आपला अर्धा 'र'. रफार नव्हे. रफार 'सूर्य', 'कार्य' यांच्यात असतो, अक्षराच्या डोक्यावर बसतो. हा आपला र अक्षराला शेजारून चिकटतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जिलबी किती लागेल ते विचारायचं. एवढ्याशा रेघेने माणूस गुरुकुलातून थेट भटारखान्यात जातो! हिंदीला हा र लागत नाही. मराठीला लागतो, कोकणीला लागतो, नेपाळीत लागतो.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मध्यंतरी एका कामात पुणे जिल्ह्यातल्या गावांची नावं असलेला एक मोठा माहितीसाठा हाताशी आला. गावानुसार बेरीज मागितली तर कोऱ्हाळे बुद्रुक तीन वेळा आलं. त्यातलं एक 'कोर्हाळे' असं रफाराचं होतं, ते डोळ्याला दिसत होतं. पण उरलेली दोन? पडद्यावर तंतोतंत सारखी! शेजारच्या टेबलावरच्या दिल्लीच्या पोराने मला विचारलं, "सर, ये दोनों में फर्क क्या है?" मी म्हटलं, बाळा, बस. गोष्ट मोठी आहे.

गोष्ट अशी. युनिकोडमध्ये हा अर्धा र लिहायचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता: 'ऱ' (हा र च्या खाली टिंब असलेला, मुळात द्राविडी भाषांमधला एक उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेला) अधिक हलन्त अधिक ह. ही पद्धत आपल्याकडच्या 'इस्की' नावाच्या भारतीय मानकातून आली. दुसरा रस्ता: साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडक आणि मग ह. हा जोडक पडद्यावर दिसत नाही, कागदावर छापला जात नाही, पण संगणकाच्या पोटात असतो. युनिकोडच्या मानकात हे दोन्ही नियम आजही शेजारी शेजारी बसले आहेत. एक इस्कीशी जुळावं म्हणून, दुसरा मानकाच्या २.० या जुन्या आवृत्तीशी जुळावं म्हणून. आणि गंमत म्हणजे युनिकोड स्वतःच या दोन रूपांना एक मानत नाही. मजकूर एकसारखा करून घेण्याची जी अधिकृत पद्धत आहे ती लावली तरी ही दोन कोऱ्हाळी वेगळीच राहतात.

२००० च्या दशकातली मराठी संकेतस्थळं उघडलीत तर तिथे जोडकवाला र भरपूर दिसेल. (म्हणजे दिसणार नाही, पण असेल!) इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर लिहिणाऱ्याचा र वेगळा. कोण कुठल्या कीबोर्डवर शिकला त्यावर त्याच्या गावाचं स्पेलिंग ठरतं.

इथवर हे सगळं तांत्रिक वाटेल. पण मला त्या दिवशी पडलेला प्रश्न तांत्रिक नव्हता. माझ्या आजोळच्या गावाचं नाव संगणकाने कसं लिहायचं, हे ठरवलं कोणी? आणि त्यांना तो अधिकार दिला कोणी?

उन्हाळ्यात मामांकडे गेलो होतो तेव्हा हे त्यांना सांगितलं. मामा पाणी वापर संस्थेच्या बैठकांना नेमाने जाणारे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तुमच्या इंटरनेटचा कालवा निरीक्षक कोण, तेवढं सांग की." मला वाटतं यापेक्षा चांगला प्रश्न मला कुठल्याही परिषदेत ऐकायला मिळाला नसता. तर या कालवा निरीक्षकाचा शोध.

१९९८ पर्यंत इंटरनेटच्या नावांचं आणि क्रमांकांचं रजिस्टर एक माणूस सांभाळत होता म्हटलं तरी चालेल. जॉन पोस्टेल, कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठातला दाढीवाला संशोधक. २८ जानेवारी १९९८ ला त्याने काही रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल पाठवली, की यापुढे मूळ यादी अधिकृत यंत्रावरून न घेता माझ्या यंत्रावरून घ्या. आठ जणांनी मुकाट्याने तसं केलं. कायदा नाही, करार नाही, हुकूम नाही. पोस्टेल म्हणतोय ना, मग झालं. अमेरिकी सरकारचं धाबं दणाणलं, त्यांनी दबाव आणला, आणि पोस्टेलने "ती चाचणी होती" म्हणत सगळं पूर्ववत केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'आयकॅन' ही संस्था कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदवली गेली आणि ऑक्टोबरमध्ये पोस्टेल वारला.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. सत्ता कागदावर अमेरिकी सरकारची होती, प्रत्यक्षात ती लोकांच्या विश्वासात होती. गावात नाही का, सरपंच एक असतो आणि भांडण मिटवायला लोक दुसऱ्याकडेच जातात.

पुढे आयकॅन अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी करार करून हे काम बघत राहिली. बाकीच्या देशांना हे खुपणं साहजिक होतं. २००५ साली ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांची जी माहिती-समाज परिषद झाली तिथे यावरून जोरदार भांडण झालं. निष्पन्न काय? दरवर्षी भरणारं एक व्यासपीठ, ज्यात सगळे बोलू शकतात पण ठरवू काहीच शकत नाहीत. त्याचं २००८ सालचं अधिवेशन ३ डिसेंबरपासून आपल्या हैदराबादला भरलं, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर जेमतेम आठवड्याने. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव मांडला की पन्नास देशांच्या सरकारांची एक समिती नेमा आणि इंटरनेटचं धोरण तिच्याकडे द्या. त्यावर देशात आणि बाहेरही टीका झाली. २०१५ मध्ये भारताने भूमिका बदलली आणि सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ, नागरिक सगळ्यांनी मिळून ठरवायच्या पद्धतीला पाठिंबा दिला. १ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेचा तो करार संपला. त्यानंतरची आयकॅनची पहिली बैठक पुन्हा हैदराबादलाच झाली, नोव्हेंबर २०१६ मध्ये.

म्हणजे आता मालक कोणीच नाही? तसंही नाही. रूट सर्व्हरची नावं तेरा, ती चालवणाऱ्या संस्था बारा, आणि त्यातल्या नऊ अमेरिकेतल्या. उरलेल्या तीन स्वीडन, नेदरलँड्स आणि जपानमधल्या. त्यांच्या प्रती आता जगभर आहेत, भारतातही आहेत, त्यामुळे रोजचं काम आपल्या जवळच्या यंत्रावर भागतं. पण कालव्याचं मुख कुठे आहे ते कळलं ना?

आता अर्ध्या र कडे परत. कारण मोठ्या गप्पांमध्ये सत्ता दिसत नाही, ती अशा बारीक जागी दिसते.

२००३ साली इंग्रजीशिवायच्या लिप्यांत डोमेन नावं लिहायचा पहिला नियम आला. (आत जे चालतं ते इंग्रजी अक्षरांचंच असतं. '.भारत' हे सुद्धा यंत्राच्या दृष्टीने एक्स-एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे काही अक्षरं-आकडे एवढंच आहे.) त्या नियमात अदृश्य जोडकाला किंमत शून्य होती. तो गाळून टाकायचा. म्हणजे जोडकवाला कोऱ्हाळे टाइप केलात की यंत्र त्याचं मुकाट्याने 'कोर्हाळे' करणार. त्याच नियमात जर्मन भाषेतलं 'एस्झेट' नावाचं अक्षर मोडून त्याचे दोन 'एस' केले जात. ग्रीकमधला शब्दाच्या शेवटी येणारा वेगळा सिग्मा साध्या सिग्मात विरघळून जाई.

ऑगस्ट २०१० मध्ये नियम बदलले. एस्झेट, शेवटचा सिग्मा, आपला जोडक आणि त्याचा भाऊ विजोडक, अशी बरोब्बर चार चिन्हं जुन्या नियमात एका अर्थाची आणि नव्यात दुसऱ्या अर्थाची ठरली. चौघांची यादी एकच! आता पुढे काय झालं ते बघा. जर्मनीच्या डोमेन नोंदणी संस्थेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्झेटवाली नावं द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे संस्था होती, भाषेचा आग्रह होता, आणि मुख्य म्हणजे ते अक्षर डोळ्याला दिसत होतं. आपल्याकडे .भारत हे देवनागरी डोमेनच मुळी ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं. तेही हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि देवनागरीतली सिंधी अशा आठ भाषांसाठी मिळून एक.

मग रूटसाठी, म्हणजे टिंबाच्या उजवीकडच्या भागासाठी, प्रत्येक लिपीचे नियम ठरवायला आयकॅनने गट नेमले. तिथे सुरुवातीलाच ठरलं की अदृश्य काहीही चालणार नाही. जोडक बाद. कारणही पटण्यासारखं आहे: जे डोळ्याला दिसत नाही त्याच्या जोरावर दोन वेगळे पत्ते तयार झाले तर एक बँकेचा आणि दुसरा चोराचा असू शकतो. मग अर्धा र कसा लिहायचा? ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांसाठी जो गट बसला त्यात पुण्याच्या सी-डॅकची माणसं होती. त्यांना अर्धा र म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती. देवनागरीच्या नियमांत हा र 'ऱ' च्या रस्त्याने आत आला, आणि २०१९ साली ते नियम रूटच्या एकत्रित नियमावलीत दाखल झाले.

इथे मी जरा थांबतो. कारण यातून दोन उलटसुलट गोष्टी निघतात आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली: ज्या आयकॅनला आपण निवडून दिलेलं नाही, तिच्या खोलीत मराठीच्या अर्ध्या र ला जागा मिळाली. दुसरी: ती मिळाली कारण त्या खोलीत हा र लिहिणारी माणसं बसलेली होती. ती नसती तर? पन्नास सरकारांची समिती असती तर? तिथे भारताच्या खुर्चीवर दिल्लीचा अधिकारी बसला असता. तो कितीही सज्जन असला तरी त्याच्या भाषेत हा र नाही. देशाला मत मिळालं म्हणजे भाषेला मिळालं असं होत नाही. हे जगाच्या मोठ्या चर्चेत कोणी बोलत नाही. तिथे 'भारत' हा एकच आवाज असतो, आणि त्या आवाजाला रफार येतो, अर्धा र येईलच असं नाही.

युनिकोडचंही तसंच. ती नफ्यासाठी नसलेली संस्था आहे, पण मत आहे ते वर्षाला हजारो डॉलर वर्गणी भरणाऱ्या सभासदांना. ते बहुतेक मोठ्या कंपन्या. भारत सरकारही त्यात सभासद राहिलेलं आहे. आता याची आपल्या साखर कारखान्याशी तुलना करा. सहकारी कायद्यात दहा एकर ऊसवाल्याला एक मत आणि वीस गुंठेवाल्यालाही एकच मत. शेअर किती, याला मतपेटीत किंमत नाही. (निवडणुकीत प्रत्यक्षात काय काय चालतं ते आपण सगळे जाणतो, पण तत्त्व तरी तसं आहे.) सभासदाला वार्षिक सभेत उठून भावाचा जाब विचारता येतो. युनिकोडच्या सभेत कोऱ्हाळ्याचा सभासद नसतो.

पण थांबा, न्याय दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. युनिकोडला प्रस्ताव पाठवायला वर्गणी लागत नाही. कोणीही पुराव्यासकट कागद पाठवावा. 'ॲ' हे अक्षर घ्या. ॲपल, ॲसिड, बॅट्समन आउट झाल्यावरचं ॲम्ब्युलन्स! १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये ते नव्हतं. लोक 'अ' वर चंद्र टेकवून भागवत. २००८ साली ५.१ या आवृत्तीत ते आलं. सतरा वर्षं लागली, पण आलं. आणि प्रस्ताव कोणी दिला, काय निर्णय झाला, हे कागद कोणालाही वाचता येतात. आपल्या किती सरकारी समित्यांबद्दल असं म्हणता येईल?

इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या मंडळीत तर सभासदत्वच नाही. डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ साली त्यांचा बाणा सांगितला होता तो थोडक्यात असा: राजा नको, अध्यक्ष नको, मतदानही नको. साधारण एकमत आणि चालणारा प्रोग्रॅम एवढं बास. ऐकायला भारी वाटतं. दरवाजा सगळ्यांना उघडा!

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "ग्रामसभेचा दरवाजा बी उघडाच असतो की रं."

बरोबर आहे त्यांचं. ग्रामसभेला गावातल्या प्रत्येक मतदाराला बसता येतं. गणपूर्ती किती? पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातली जी संख्या कमी असेल ती. तरी सभा तहकूब होतात आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग जे चार लोक येतात ते ठरवतात. ज्याची ऊसतोड चालू आहे, जिच्या हातात धारेची बादली आहे, ते येत नाहीत. त्यांना कोणी अडवलेलं नसतं, तरी ते नसतात. इंटरनेटच्या उघड्या दरवाजाचं हेच आहे. इंग्रजी अस्खलित हवं, शेकडो पानांचे मसुदे वाचायला वेळ हवा, वर्षातून तीनदा कुठल्या तरी खंडात जायला पैसे हवेत. ते कोणाकडे असतात? ज्यांना त्यासाठीच पगार मिळतो त्यांच्याकडे. उघडा दरवाजा हा चांगलाच असतो, पण तेवढ्यावर अधिकार सिद्ध होत नाही.

मग कशावर होतो? इथे मला कालवा उपयोगी पडतो. नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळानंतर बांधला गेला आणि १८८५ साली सुरू झाला. बांधणारं सरकार गोऱ्यांचं, कोणी निवडलेलं नाही. पाणी मात्र खरं होतं. त्या पाण्यामुळे त्याचा अधिकार लोकांनी चालवून घेतला. 'चालणारा प्रोग्रॅम' म्हणतात तो हाच. पण पाणी आलं की दुसऱ्या दिवशी पुढचा प्रश्न उभा राहतो: वाटप कसं? हेडला वीरजवळचे, टेलला इंदापूरचे. नकाशावर हक्क सारखा. प्रत्यक्षात टेलच्या माणसाला विचारा! हे भांडण अजून संपलेलं नाही आणि संपणार नाही. म्हणून तर २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना अधिकार दिले, की निदान वाटपाच्या बैठकीत टेलचा माणूस बसलेला असावा.

माझं मत असं बनलंय. इंटरनेट बांधणाऱ्यांचा अधिकार आपण पाण्यापोटी मान्य केला, त्यात काही चूक नव्हतं. सरकारांच्या हाती सगळं दिलं की लोकशाही आली, हेही खरं नाही. त्या पन्नासांत अशीही सरकारं आली असती जी आपल्याच लोकांचं इंटरनेट बंद करतात. (त्या यादीत आपणही खाली नाही, हेही लक्षात असू द्या.) अधिकार मोजायचा तर टेलला जाऊन मोजावा. टेलच्या माणसाची तक्रार पोचते का, किती दिवसांत, आणि नाही म्हटलं तर लेखी कारण मिळतं का? या कसोटीवर आयकॅन आणि युनिकोड नापास नाहीत, पण काठावर पास आहेत. सतरा वर्षांनी 'ॲ' आणि एकवीस विश्वे नशिबाने 'ऱ्ह'.

आणि आपलं काय? आपण टेलला आहोत हे मान्य, पण आपण बैठकीला जातो का? आयकॅन नियमांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी जाहीर ठेवते. पुणे-मुंबईतले हजारो मराठी इंजिनियर रोज याच इंटरनेटच्या कंपन्यांत काम करतात. त्यांच्यातले दहा जण जरी महिन्यातला एक शनिवार देवनागरीच्या एका कागदावर बसले तरी पुष्कळ होईल. अदृश्य जोडकावरचा युक्तिवाद अमेरिकेतला माणूस आपल्यासाठी करणार नाही. दिल्लीचाही करणार नाही, त्याला ते दोन कोऱ्हाळे सारखेच दिसतात. खरं तर आपल्यालाही सारखेच दिसतात, पण सातबाऱ्याची नक्कल आणि विम्याचा अर्ज एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा खेटे आपल्यालाच घालावे लागतात.

असो. तोवर माझ्या प्रोग्रॅमर वाचकांना एक हात जोडून विनंती. मराठी नावं साठवताना र, हलन्त आणि जोडक असं दिसलं की त्याचं 'ऱ' आणि हलन्त करून ठेवा, आणि शोधताना दोन्ही एकच धरा. चार ओळींचं काम आहे. कोणत्याही समितीची परवानगी लागत नाही.

पुढच्या शनिवारी 'ळ' वर लिहायचा विचार आहे. बघू, जमलं तर.